मदत हवी आहे: भूमध्य समुद्रात शिरण्याआधी फ्युएल चेंजओव्हर (इंजिनाचं तेल बदलणं)

नमस्कार मंडळी, मी बल्क कॅरिअरवर थर्ड इंजिनीअर आहे, जहाज लाल समुद्रातून सुएझमार्गे इटलीला चाललंय. पूर्वी भूमध्य समुद्रात आम्ही ०.५० टक्के सल्फरचंच तेल जाळायचो, म्हणजे २०२० पासून जगभर लागू आहे तेच, पण १ मे २०२५ पासून तिथेही बाल्टिक आणि नॉर्थ सीसारखं ०.१० टक्के झालंय, म्हणून पोर्ट सैदला बाहेर पडायच्या आत सगळं एमजीओवर (मरीन गॅस ऑइल, कमी सल्फरचं डिझेलसारखं पातळ तेल) आणायचंय आणि वेळ, पोझिशन, टाकीत किती तेल आहे हे सगळं लॉगबुकात लिहायचंय.

अडचण अशी की सर्व्हिस टँक (इंजिनाला तेल पुरवणारी टाकी), मिक्सिंग कॉलम (इंजिनाकडून परतलेलं तेल नव्यात मिसळतं ते भांडं) आणि पाइपांत जुनं तेल उरतंच, ते धुऊन निघायला नेमके किती तास धरायचे? घाई केली तर तेलाचं तापमान मिनिटाला दोन डिग्रीपेक्षा जास्त बदलतं आणि फ्युएल पंपाचे प्लंजर (आतले दट्टे) अडकायची भीती, आणि एमजीओ गरम झालं की व्हिस्कॉसिटी (तेलाचा दाटपणा) २ सेंटिस्टोकच्या खाली जाते, आमच्याकडे चिलर (तेल जास्त थंड करणारं रेफ्रिजरेशन यंत्र) नाही, फक्त साधा कूलर आहे. कॅनॉलच्या आत इंजिन बंद पडलेलं कुणालाच परवडणार नाही, म्हणून मला वाटतं सुएझला अँकरवर असतानाच चेंजओव्हर उरकावं, पण चीफ साहेब म्हणतात तेवढं महाग तेल आधीपासून कशाला जाळायचं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही कुठे सुरू केलं? पीएससीवाले (पोर्ट स्टेट कंट्रोल, बंदरात जहाज तपासणारे अधिकारी) तेलाचं सॅम्पल नक्की कुठून घेतात? सर्व्हिस टँकनंतरच्या लाइनमधून का?