बाबांचा 1998 चा तोशिबा लॅपटॉप परत चालू करायचाय, सुरुवात कुठून करू? (इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी, माळा आवरताना बाबांचा जुना तोशिबा सॅटेलाइट प्रो सापडला. 1998 च्या दिवाळीत घेतला होता त्यांनी, पेंटियम एमएमएक्स 233, 32 एमबी रॅम, विंडोज 98. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. ह्याच्यावरच मी आणि ताईने डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया एवढं खेळलंय की उजव्या ॲरो कीवरचा बाण पार पुसून गेलाय, अजून तसाच आहे. मे महिन्यात भाची येतेय पुण्याहून, तिला ह्याच मशीनवर खेळवायचंय.
ॲडॅप्टर हरवलाय. सिल्व्हर मॉलला एका दुकानात गेलो तर त्याने 19 व्होल्टचा हातात दिला, म्हणे पिन बसतेय ना मग चालेल. घरी येऊन लॅपटॉप उलटा केला तर स्टिकरवर 15 व्होल्ट लिहिलेलं, म्हणून लावलाच नाही. आणि कीबोर्डच्या खाली कडेच्या फटीत हिरवट पांढरी पावडर दिसतेय ती काय आहे? डिस्क फॉरमॅट मारून नवीन 98 टाकायचा विचार आहे. सगळे म्हणतात नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स (जुने डॉस गेम्स चालवणारा प्रोग्राम) टाक आणि मोकळा हो, पण मला हेच मशीन हवंय.

जुनीमशीन
लावला नाहीत ते फार चांगलं केलंत! 15 व्होल्टचाच शोधा, अँपिअर स्टिकरवर आहेत तेवढे किंवा जास्त चालतील, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत आणि प्लस आत की बाहेर ते मल्टीमीटरने बघूनच लावा.
पण त्याआधी ती हिरवी पावडर. त्या काळच्या तोशिबात मोठ्या बॅटरीशिवाय आत मदरबोर्डवर छोट्या निकेल मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या असायच्या, घड्याळ आणि सेटिंग सांभाळायला, आणि त्या वीस वर्षांनी हमखास पाझरतात. त्यातला अल्कली तांब्याच्या ट्रेसमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या बारीक रेषांमध्ये, शिरतो आणि आतल्या आत खात राहतो, वरून बोर्ड चांगला दिसतो पण एक लाइन तुटलेली असते. तर करंट अजिबात देऊ नका. उघडून आधी त्या बॅटऱ्या काढा, दोन पिनच्या कनेक्टरवर असतात, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये कानाचा बड बुडवून जिथे हिरवं आहे तिथेच लावा, थोडा फेस येईल, पुसा, परत लावा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि एक दिवस पंख्याखाली राहू द्या. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवा, सगळ्यांची लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की खालचा बोर्ड फाटतो. माझा असाच एक गेला, अजून हळहळ वाटते.
त्या बॅटरीशिवाय मशीन चालू होतं, फक्त दरवेळी बॅड आरटीसी बॅटरी (म्हणजे घड्याळाची बॅटरी खराब) म्हणून एफ1 दाबायला लावेल.

सुदामानगर_इंदूर
भिया, फॉरमॅट करू नकोस!! बाबांचं मशीन आहे ना, त्यात त्यांच्या हातचं काही लिहिलेलं असेलच. डिस्क बाहेर काढ, 44 पिनची आयडीई (तेव्हाच्या हार्ड डिस्कची जोडणी) आहे, तिचा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, लिनक्सवर लावून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, घे. जुनी डिस्क कधी शेवटची फिरेल सांगता येत नाही, म्हणून पहिल्या फिरण्यातच कॉपी घ्यायची, फोल्डर उघडून बघत बसायचं नाही. आणि विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर नक्की ठेव. तेव्हाचं मराठी युनिकोडमध्ये नसायचं, फॉन्ट गेला की पत्राऐवजी नुसती चिन्हं दिसतात.

यामाहाप्रेमी
वरच्या दोघांचं झाल्यावर गेम्सचं सांगतो, कारण हे मशीन त्याच्यासाठी फारच छान आहे. ओरिजिनल डिस्क जपून ठेवा आणि तिच्या जागी सीएफ कार्ड (जुन्या कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड) टाका. सीएफ कार्ड मुळातच आयडीई बोलतं, त्यामुळे ॲडॅप्टरमध्ये काही डोकं नसतं, नुसत्या तारा. 4 जीबीचं घ्या, तेव्हाच्या बऱ्याच बायोसना (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) 8.4 जीबीच्या पुढचं दिसत नाही. 98 ची सीडी आधी कार्डवर कॉपी करून तिथूनच सेटअप चालवा, मग ते सारखी सीडी मागत नाही. फाइल्स टाकायला लॅपटॉपच्या कडेच्या पीसीएमसीआयए कार्ड स्लॉटमध्ये दुसरं सीएफ कार्ड घाला, 98 त्याला ड्राइव्ह म्हणून सरळ ओळखतो, पेन ड्राइव्हच्या ड्रायव्हरची कटकट नाही.
आवाजासाठी बघा आत यामाहाची ओपीएल3 ही एफएम पद्धतीने संगीत वाजवणारी चिप आहे का, बऱ्याच तोशिबात होती. असली तर डॉसमध्ये ब्लास्टर सेटिंग ए220 आय5 डी1 टी4 ठेवून गेममध्ये साउंड ब्लास्टर प्रो हे साउंड कार्ड निवडा. डॉसबॉक्स मीपण वापरतो, 2002 पासून त्यांनी केलेलं काम मोठं आहे, पण खऱ्या चिपमधून बारक्या स्पीकरवर येणारा तो एफएमचा आवाज वेगळाच. काही जुने गेम्स 233 वर सुसाट पळतील, तेव्हा सेटमल नावाच्या छोट्या डॉस प्रोग्रामने एल1 कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) बंद करा, मशीन एकदम जुन्या 486 प्रोसेसरच्याही खाली येतं. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या गेमने रनटाइम एरर 200 दिला तर मशीन बिघडलं असं समजू नका, साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे त्याचं डिलेचं गणितच चुकतं, पॅच मिळतो.

रामबागकर
तीन आठवड्यांनी सांगतोय. हिरवं बरंच होतं पण एकच ट्रेस तुटला होता, वरून बारीक तार सोल्डर केली. 15 व्होल्टचा जुना ॲडॅप्टर एका कबाड्याकडे मिळाला.
सुदामानगरदादा, इमेज निघाली, थोडे सेक्टर गेले पण फाइल्स वाचल्या. पत्र नावाचा फोल्डर होता. आधी सगळं इंग्रजी अक्षरांची खिचडी, मग त्याच डिस्कमधला फॉन्ट टाकला आणि पहिली ओळ उघडली, ती. माईस, सा. न. वि. वि. आत्याला लिहिलेली अकरा पत्रं आहेत. आईला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलीत, रोज एक वाचतेय.
सीएफ कार्डवर 98 चालू आहे, प्रिन्स पण चालला. आवाज मात्र फक्त डावीकडून येतोय, व्हॉल्यूमची चाकी फिरवली की खरखर होऊन मधेच दोन्ही लागतात. चाकी उघडून साफ करू की बदलावीच लागेल?

जुनीमशीन
आधी साफ करा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब आणि वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा, मशीन बंद ठेवून.