आखाड्यावरचा ट्रॅक्टर नेमका कोणता? (आमच्या घरच्या ग्रुपवर)

मुन्ना (गाव): [फोटो] [फोटो] शेतातल्या आखाड्यावरचा जुना गुरांचा कोठा पाडायला काढलाय. कडब्यामागं हे निघालं. लाल आहे म्हंजे मॅसीच ना?

बापू: मॅसीच दिसायलाय. भंगारवाल्याला फोन केलाय, दुपारी टेम्पो घेऊन येतोय. देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल.

तात्या काका: टेम्पो थांबवा आधी. मॅसी 35 चं तोंड गोल, फुगीर असतंय. ह्याचं सरळ उभं आहे. मुन्ना, समोरून जवळून फोटो काढ.

विकी (पुणे): काका, मी फोटो ॲपमध्ये टाकला. फोर्ड 9N म्हणायलंय.

तात्या काका: ॲप अगदीच येडं नाही. अमेरिकेचा हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन ह्यांचं मिळून ट्रॅक्टर बनवायचं 1938 ला तोंडी ठरलं, त्यातून 9N निघाला. पुढं 1946 पासून फर्ग्युसनचा स्वतःचा ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनायला लागला. मग दोघांचं फाटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यामुळं दोन्ही ट्रॅक्टर सख्खे भाऊ वाटतात. मुन्ना, गियर मोज. 9N ला पुढचे तीन, फर्ग्युसनला चार.

मुन्ना: थोडं ऑइल सोडून दांडा हलवला. पुढचे चार, मागचा एक. अजून एका जागी जातोय पण तिथं थांबत नाही, सोडला की परत येतोय.

तात्या काका: झालं, फर्ग्युसन! ती स्टार्टरची जागा. ह्याला बटण नसतंय, गियरच्या दांड्यानंच स्टार्टर मारायचा. म्हणून गियरमधी असताना गाडी चालूच होत नाही, कुणाच्या अंगावर जायची भीती नाही. सत्तर वर्षांमागं एवढी अक्कल लावली होती, आणि आज आपली पोरं गियरमधीच सेल्फ मारतात.

विकी: पण फर्ग्युसन करड्या रंगाचा असतो ना? हा तर लालभडक.

मोठी आत्या (परभणी): लाल रंग अण्णांनी दिलेला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरला तो ह्याला फासला. आई किती बोलली होती त्यांना!

मुन्ना: खरंय आत्या. नखानं खरवडलं तर खाली करडा निघायलाय.

तात्या काका: बास, अजून खरवडू नको. स्टेअरिंगच्या पुढं डॅशवर छोटी प्लेट आहे बघ. रॉकेलच्या फडक्यानं हलक्या हातानं पूस. वाळूचा कागद लावशील तर मी स्वतः गावाला येईन.

मुन्ना: [फोटो] TED 20 असं वाचायला येतंय. नंबर 27 नं सुरू, पुढं चार आकडे.

तात्या काका: म्हंजे पावणेतीन लाखाच्या घरातला. 1952 चा. TE म्हंजे ट्रॅक्टर इंग्लंड. D म्हंजे रॉकेलसारख्या इंधनावर चालणारा. टाकीत दोन कप्पे असतात. छोट्या कप्प्यातल्या पेट्रोलवर चालू करायचा, तापला की रॉकेलच्या कप्प्यावर घ्यायचा. डिझेलचा असता तर TEF लिहिलेलं असतं.

विकी: असलेच फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन एव्हरेस्टवाला हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचला होता!

मोठी आत्या: असंल बाबा. आमच्या काळ्या रानात श्रावणात रुतला की अण्णा बैलं जुंपून काढायचे.

बापू: तात्या, एवढा दुर्मिळ म्हंजे किती येतील?

तात्या काका: बापू, असे 5 लाखांच्या वर बनले. जगात दुर्मिळ नाही. आपल्या तालुक्यात दुसरा दाखव म्हंजे झालं. किंमत यायची ती प्लेट, बॉनेट, जाळी जागेवर असली तर. वेगळं काढून विकलं की लोखंडच.

मोठी आत्या: पत्र्याच्या पेटीत अण्णांचा एक उर्दू कागद आहे. आम्ही जमिनीचाच समजून ठेवलाय.

तात्या काका: ताई, तो नीट ठेवा. 1952 ला आपण हैदराबाद राज्यात होतो, मुंबई राज्यात आलो 1 नोव्हेंबर 1956 ला. पावती उर्दूत असायला हरकत नाही. फोटो टाका, शेजारचे जुने मास्तर वाचून देतील.

मुन्ना: काका, दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करून बघू का?

तात्या काका: अजिबात नाही! पिस्टन धरलेले असतील. चारी प्लग काढ, प्रत्येकात थोडं डिझेल आणि ऑइल सोड, दोन-चार दिवस तसंच राहू दे. मग हँडलनं हळू फिरव. नाही फिरला तर जोर लावायचा नाही, परत ऑइल. आणि वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार, बॅटरी जोडू नको.

मुन्ना: टेम्पोवाला आला बघा.

बापू: त्याला कोठ्यावरचे पत्रे दे. ट्रॅक्टरला हात लावू देऊ नको.

तात्या काका: आणि पत्र्यांच्या ढिगात इंचाच्या खुणा असलेला लांब पाना दिसला तर बाजूला काढ. तो ह्या ट्रॅक्टरबरोबरचाच, वजनात जाऊ देऊ नको.