‘मी तयार आहे’ हे फ्रेंचमध्ये मुलीने कसे म्हणावे?

प्रश्न
माझी मुलगी नववीत फ्रेंच शिकते. ‘मी तयार आहे’ यासाठी तिने वहीत ‘ज स्वी प्रे’ लिहिले होते. बाईंनी ते खोडून ‘ज स्वी प्रेत’ असे करून दिले. ते ऐकून तिची आजी अस्वस्थ झाली आणि आता मुलगीही हे वाक्य मोठ्याने म्हणायला कचरते. हे रूप बरोबर आहे का? इतर भाषांतही असे बदल होतात का?

प्रतिसाद १
ताई, बाईंची दुरुस्ती बरोबर आहे. फ्रेंचमध्ये हे विशेषण बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुल्लिंगी रूपाच्या शेवटचा ‘त’ लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि स्त्रीलिंगासाठी पुढे ‘इ’ हे अक्षर जोडले की तोच ‘त’ ऐकू येऊ लागतो. आपला ‘तयार’ शब्द मात्र बदलत नाही, ‘तयार झालो’ आणि ‘तयार झाले’ यांतला भेद क्रियापद सांभाळते, म्हणून मराठी मुलांचे इथे सहज चुकते. उच्चारात ‘र’ घशातून काढावा आणि स्वर ‘ॲ’कडे झुकणारा ठेवावा, म्हणजे आपल्या ‘प्रेत’ शब्दाशी असलेले साम्य बरेच कमी होते. आजींना हेही सांगा की तयार कपड्यांसाठी जगभर चालणाऱ्या ‘प्रेत-आ-पोर्ते’ या शब्दात पुल्लिंगी रूपच आहे. पुढे स्वर आल्यामुळे तिथला मुका ‘त’ बोलू लागतो.

प्रतिसाद २
स्पॅनिशमध्ये अधिक जपावे लागते. ‘एस्तोय लिस्ता’ म्हणजे मी तयार आहे, पण ‘सोय लिस्ता’ म्हटले तर मी हुशार आहे असा अर्थ होतो. मुलगा दोन्हीकडे ‘लिस्तो’ म्हणेल. इटालियनमध्ये ‘सोनो प्रोन्तो’ आणि ‘सोनो प्रोन्ता’, आणि फोन उचलल्यावरही ‘प्रोन्तो’च म्हणतात. जर्मनमध्ये ‘इख बिन बेराइट’ हे सर्वांना सारखेच. ‘फेर्टिख’ म्हटल्यास मात्र काम आटोपले, किंवा मी पार थकले, असेही समजले जाते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. मग जेवायला हाक मारताना, ‘तयार आहे, या’ असे सांगायचे असेल तर मी काय म्हणावे?

प्रतिसाद १
‘से प्रे’. इथे तुम्ही स्वतःबद्दल बोलत नाही, आणि ‘हे’ या अर्थाच्या त्या सर्वनामाबरोबर विशेषण पुल्लिंगीच राहते. सूपचे नाव घेतलेत तर मात्र ‘ला सूप ए प्रेत’, कारण फ्रेंचमध्ये सूप स्त्रीलिंगी आहे.