ठासणीच्या बंदुकीसाठी काळी दारू निवडताना : अनुभव धागा

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक हाती घेतलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे कोणत्या कंपनीची काळी दारू घ्यावी. (दारूचा विषय निघाला की भलत्यांचेच कान टवकारतात, इथे अर्थातच बंदुकीच्या दारूविषयी बोलणे आहे.) नुसते नाव सांगून या प्रश्नाचे उत्तर होत नाही, असे माझे मत आहे. म्हणून लिहिणाऱ्यांना विनंती अशी, की बंदूक टोपीची आहे (दारू पेटवायला ठोकून फुटणारी टोपी) की चकमकीची (गारगोटीची ठिणगी), नळीला आतून आटे, म्हणजे वळणदार खाचा आहेत की ती आतून सपाट आहे, दाणा कोणता वापरला आणि किती बारांनंतर नळी पुसावी लागली, एवढे तरी नावाबरोबर अवश्य लिहावे. भराईचे आकडे मात्र लिहू नयेत. ते ज्याने त्याने आपल्या बंदुकीच्या उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. सुरुवात माझ्यापासून करतो.

माझी पन्नास कॅलिबरची टोपीची रायफल आहे आणि तिच्यात मी चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी वापरतो. कित्येक वर्षे मी गोएक्स या ब्रँडची दोन एफ दारू वापरली (एफ जितके अधिक, तितका दाणा बारीक) आणि तिच्यावर समाधानी होतो. मग एकदा स्विस या ब्रँडचा डबा मिळाला, तेव्हा माप तेच ठेवून मी बार भरला. चूक तिथेच झाली. आवाज नेहमीपेक्षा टणक आला आणि गोळ्या लक्ष्यावर इतक्या विखुरल्या, की दृष्टी अधू झाली की काय अशी शंका आली. कारण समोरच्या गवतात पडलेल्या चिंध्यांनी सांगितले. एरवी त्यांच्या मधोमध तपकिरी वर्तुळ उमटलेले असे. या वेळी मध्यभाग जळून आरपार भोक पडले होते आणि कडांचे धागे सुटले होते. स्विसचा दाणा घट्ट दाबलेला असल्याने त्याच मापात वजनाने अधिक दारू बसते, शिवाय तिचा कोळसा फ्रँग्युला या झुडपाच्या लाकडाचा असल्याने ती झपाट्याने जळते. पुस्तिकेतल्या सर्वांत कमी मापापासून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा चिंध्या धड राहू लागल्या आणि गोळ्याही एकत्र येऊ लागल्या. आज मी स्विसच वापरतो, पण गोएक्स वाईट होती म्हणून नव्हे. स्विसची काजळी मऊ राहते आणि माझ्या नळीला ती मानवते.

चकमकीची बंदूक, खरी काळी दारूच

माझ्याकडे चकमकीची रायफल असल्याने माझ्यापुढचे पर्याय मुळातच थोडे आहेत, हे आधी सांगते. चकमकीच्या ठिणगीने रंजक, म्हणजे नळीबाहेरच्या पेल्यातली थोडीशी दारू पेटते आणि त्याची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून आत शिरून मुख्य दारू पेटवते. पर्यायी दारूंना, म्हणजे काळ्या दारूऐवजी वापरायच्या दारूंना, पेटण्यासाठी खऱ्या काळ्या दारूपेक्षा अधिक उष्णता लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत त्यांचा भरवसा धरता येत नाही. मी एका पर्यायी दारूचा हट्टाने प्रयोग केला होता. रंजक भुर्रकन उडाले, आत मात्र काहीच झाले नाही, आणि बंदूक लक्ष्याकडे रोखून एक मिनिटभर निश्चल उभे राहणे किती लांबलचक वाटते ते त्या दिवशी कळले. नळीत तीन एफ आणि पेल्यात चार एफ असा माझा प्रघात आहे. दमट दिवसांत मात्र चार एफ दारू पेल्यातल्या काजळीत मिसळते आणि तिचा काळा चिखल होतो, म्हणून अशा दिवशी मी पेल्यातही तीन एफच घालते. फरक सेकंदाच्या बारीकशा अंशाचा असेल. माझ्या डोळ्याला तो जाणवत नाही. ब्रँड म्हणाल, तर तीन एफ दारू गोएक्सची असो वा शुएट्झेनची, माझी रायफल तक्रार करत नाही. गारगोटीची धार आणि कान साफ असणे यांनी माझे जितके बार वाचवले, तितके कोणत्याही डब्याने वाचवले नाहीत.

स्पर्धेसाठी

ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कारखान्यात बनवलेली काळी दारूच चालते, त्यामुळे पर्यायी दारूंचा विचार मी कधी केलाच नाही. वर जे ब्रँडविषयी लिहिले आहे ते मान्य असले, तरी त्यात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे एकाच ब्रँडच्या दोन घाण्यांमधला, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या मालामधला फरक. डब्यावरचा घाणा क्रमांक मी वहीत लिहून ठेवतो आणि एका क्रमांकाचे जितके डबे नियमानुसार बाळगता येतील तितके एकदम घेतो. एका कंपनीच्या (नाव सांगत नाही) नव्या डब्यात तळाशी इतकी भुकटी निघाली, की बारीक चाळणीतून दारू हलक्या हाताने चाळल्याशिवाय गोळीचा वेग स्थिर राहीना.

मोजण्याच्या बाबतीत मी जरा हेकट आहे. भराई एकदा ठरली, की त्या दारूची मापे घरीच तोलून लहान नळकांड्यांत भरून नेतो. मैदानावर शिंगड्यातून (दारू ठेवायच्या शिंगातून) मापात ओतताना हात कमी-जास्त ठोकला, तरी एक-दोन ग्रेन इकडे-तिकडे होतात. (एक पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे फरक चिमटीएवढाही नसतो, पण शंभर मीटरवर तो दिसतो.) स्विसमध्ये दीड एफ असा मधला दाणा मिळतो आणि लांब पल्ल्याच्या जड गोळीला तो मला सर्वांत बरा वाटला. गोएक्सचा लुइझियानातल्या मिंडेनचा कारखाना २०२१ मध्ये बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा एकाच ब्रँडवर विसंबणाऱ्यांची तारांबळ उडाली; २०२२ मध्ये एस्टीज या कंपनीने तो घेतला आणि उत्पादन पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून मी दुसऱ्या ब्रँडची भराईही बसवून वहीत नोंदवून ठेवली आहे.

सपाट नळी

पाऊण इंची नळीची जुन्या लष्करी धाटणीची मस्केट. तिला दोन एफ, कोणाचीही. मी जर्मनीतल्या वानो या कंपनीची वापरतो. सपाट नळीत ब्रँडमधला फरक शोधणे म्हणजे सुपातून पाणी वाहणे.

पर्यायी दारूविषयी

खरी काळी दारू स्फोटक पदार्थांत मोडत असल्याने ती ठेवणे आणि विकणे या दोन्हींवर अधिक बंधने असतात, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण केवळ ती सहज मिळत नाही म्हणून पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन या पर्यायी दारूंकडे वळतात. टोपीच्या बंदुकीत दोन्ही चालतात. दोन गोष्टी मात्र कोणी तरी मला आधी सांगायला हव्या होत्या.

पहिली, ही दारू तोलायची नसते, काळ्या दारूच्या मापाने आकारमानानेच मोजायची असते. पायरोडेक्स वजनाला बरीच हलकी आहे, त्यामुळे काळ्या दारूचा वजनाचा आकडा घेऊन ती तराजूत घातली, तर नकळत जास्तीचा बार भरला जातो. वरच्या अनुभवातली तोलण्याची रीत खऱ्या काळ्या दारूपुरतीच घ्यावी, ही विनंती. ट्रिपल सेव्हन आकारमानानेही अधिक जोरदार असल्याने काळ्या दारूइतकाच वेग हवा असेल तर माप १५ टक्के कमी करावे, असे उत्पादकच सांगतो.

दुसरी गोष्ट गंजाची. पर्यायी दारूने नळी गंजत नाही असे मला कोणी छातीठोकपणे सांगितले होते, म्हणून एका संध्याकाळी मी बंदूक न धुताच ठेवून दिली. दोन दिवसांनी नळीतून फिरवलेली पांढरी चिंधी विटकरी होऊन बाहेर आली. खरी काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो आणि तो ओलावा खेचतो, हे सर्वांना ठाऊक असते. पर्यायी दारूचा अवशेषही निर्धोक नसतो. आता कोणतीही दारू असो, त्याच दिवशी कोमट साबणपाणी, मग चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसणे आणि शेवटी तेल.

शेवटी एका जुन्या माणसाकडून

निवड ब्रँडची करा वा दाण्याची, पण डब्यावर 'काळी दारू' किंवा 'काळ्या दारूचा पर्याय' असे स्पष्ट छापलेले असल्याखेरीज तो उघडूही नका. रंग पाहून ओळखण्याचा विश्वास बाळगणाऱ्या एकाने धूरविरहित दारू, म्हणजे आधुनिक काडतुसांतली दारू, ठासणीच्या बंदुकीत भरलेली मी पाहिली आहे. त्या दारूचा दाब या नळ्यांना पेलत नाही. चाप ओढण्याआधी आम्ही त्याला थांबवले, गोळी खेचण्याच्या स्क्रूने बाहेर काढली आणि नळी उलटी करून तळहातावर दाणे घेतले. दिसायला काळपट करडे, पण सारखे गोल आणि चपटे, काळ्या दारूच्या ओबडधोबड दाण्यांसारखे मुळीच नव्हते. त्याचा डबा बिनलेबलचा होता, आणि तो त्याला भेट म्हणून मिळालेला होता.