खुनाविना रहस्यकथा

‘खून नाही, तर रहस्यकथा अळणी’ असे म्हणतात, पण हे मत निदान अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांच्या 1998 सालच्या ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ या कादंबरीला तरी लागू पडत नाही. बोट्स्वानामधील प्रेशस रामोत्स्वे ही बाई वडिलांनी ठेवलेली गुरे विकून गॅबरोनी शहरात गुप्तहेर कचेरी थाटते. मुलीने फार तर खाटकाचे दुकान काढावे, असे त्या खाणकामगार बापाच्या मनात होते. कचेरीच्या मालमत्तेत चहाची किटली आणि तीन मग यांची नोंद आहे, त्यांपैकी एक अशिलासाठी, आणि मला तर ही यादी वाचताक्षणीच बाई आवडली.

एका तरुणीच्या घरी ‘मी तुझा बाप’ म्हणत आयते खायला ठाण मांडून बसलेल्या माणसाकडे प्रेशस परिचारिकेच्या वेशात जाते आणि मुलीला अपघात झाला असून तिला बापाचेच रक्त लागेल, तेही इतके की बहुधा तो दगावेल, असे गंभीरपणे सांगते. त्यावर त्या गृहस्थाचे पितृत्व जागच्या जागी उतरते. प्रयोगशाळा नाही, पिस्तूल नाही, आणि तरीही मी ते प्रकरण लागोपाठ दोनदा वाचले.