पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचेत. कामवाला म्हणतो, हातोड्याने फोडू

जुनी_पडवी:
नमस्कार मंडळी. घरामागच्या पडवीवर सिमेंटचे १४ नालीदार पत्रे आहेत. १९८४ साली वडिलांनी उभं राहून घालून घेतलेले. आता शेवाळाने काळे पडलेत, दोन पत्र्यांना चिरा गेल्यात आणि पावसात खाली बादली ठेवावी लागते. ज्याला काम सांगितलं तो म्हणाला, "नट गंजून एकजीव झालेत, खोलत बसलो तर दोन दिवस जातील. हातोडा घालतो, दुपारपर्यंत मोकळं." मी हो म्हणणारच होते, पण बहिणीने फोनवर "अगं, ते अ‍ॅस्बेस्टॉस असेल!" म्हणून घाबरवलं. म्हणजे सिमेंटच्या मजबुतीसाठी घालायचे ते बारीक खनिज तंतू, श्वासात गेले की घातक.

आणि एक कबुली. मागच्या वर्षी दिवा टांगायला मीच त्यात ड्रिलने दोन भोकं पाडली. तोंडाला रुमाल बांधला होता, पण वर बघत होते, सगळा भुगा तोंडावर. तेव्हापासून डोक्यात तेच. पत्रे कसे उतरवायचे, उतरवल्यावर कुठे टाकायचे, आणि माझ्या त्या भोकांचं काय?

भिंगवाला:
ताई, आधी तुमच्या भोकांचं. धोका किती धूळ आणि किती वर्षं छातीत गेली, यावर वाढत जातो. "इतकी चालते" अशी सुरक्षित मर्यादा कुणी सांगू शकत नाही हे खरं, पण दोन भोकं आणि रोज पत्रे कापणाऱ्याची वीस वर्षं एका तागडीत घालू नका. अ‍ॅस्बेस्टॉसने होणारे फुप्फुसाच्या कर्करोगासारखे आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षं लागतात, त्यामुळे आज एक्स-रे काढून काही कळायचं नाही. डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा आणि झोपा. सिगारेट ओढत असाल तर मात्र ती सोडा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो.

पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे की नाही हे डोळ्याने ओळखता येत नाही. नुसतं बघून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९८४ चा म्हणजे बहुतेक असणारच: सिमेंटमध्ये साधारण १० ते १५ टक्के तंतू, बहुतेक वेळा पांढऱ्या जातीचे, म्हणजे क्रिसोटाइल. आता "पांढरा असेल तर चालतो" असं कुणीतरी सांगेल. नाही चालत, सगळ्याच जाती कर्करोगकारक आहेत. खात्री हवी असेल तर आधीच तुटलेल्या कडेचा नखाएवढा तुकडा ओला करून पकडीने काढा, दोन पिशव्यांत बंद करून प्रयोगशाळेत द्या, जागेवर रंगाचा हात मारा. उत्तर येईपर्यंत आहे असंच धरून चाला.

छपरावरचा_म्हातारा:
हातोडेवाल्याला आजच नाही म्हणा. तो वाईट माणूस नसेल, आम्हीही तसंच करायचो. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. फोडला, कापला, घासला की सुटतात, आणि सुटलेला तंतू डोळ्याला दिसत नाही. धूळ खाली बसली असं तुम्हाला वाटतं, तो मात्र तासन् तास हवेत असतो.

माझी ३१ वर्षं छपरांवर गेली, तरी सगळ्यात आधी सांगेन: पत्र्यावर पाय ठेवू नका. बोल्टच्या रांगेवरून चाललं की पत्रा पेलतो असं आम्हाला शिकवलं होतं. १९९७ मध्ये मी त्याच रांगेवरून चालत होतो आणि सरळ खाली आलो. टाचेचं हाड गेलं, थंडीत अजून बोलतं. जुना पत्रा आवाजसुद्धा करत नाही, आधी असतो आणि मग नसतो. शेवाळ ओलं असेल तर विचारूच नका. काम खालून, परांचीवर उभं राहूनच.

वारा नसलेला दिवस बघा. पडवीतलं सामान हलवा, खिडक्या बंद, मुलं आणि जनावरं लांब, जमिनीवर जाड प्लास्टिक. मग पत्रे दोन्ही अंगांनी ओले करायचे, झारीने किंवा फवाऱ्याने, हलक्या धारेने. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाका, पाणी नुसतं ओघळून न जाता आत मुरतं. जोराच्या धारेचं यंत्र लावून "आधी धुऊन घेऊ" असं कुणी म्हणालं तर यंत्रासकट परत पाठवा. त्या धारेने पत्र्याची साल निघते आणि तंतू शेजारच्या अंगणात जातात.

गंजलेला नट पिळत बसू नका, पत्रा भोकाशी तडकतो. जे-बोल्टची (पत्रा खालच्या वाशाला धरून ठेवणारा आकड्यासारखा वाकडा बोल्ट) मान बोल्ट कटरने तोडायची. ग्राइंडर नाही म्हणजे नाही. आढ्याचे पत्रे आधी, मग बाकीचे ज्या क्रमाने चढवले त्याच्या उलट. तीन मीटरचा पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, ओला असेल तर जास्तच. दोघांनी धरून अख्खा उतरवायचा. टाकायचा नाही, एकावर एक घसरवायचा नाही.

तोंडाला रुमाल म्हणजे मनाचं समाधान. अगदी बारीक धूळ अडवणारा, एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क लागतो आणि तोही गालाला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर बसत नाही. मी त्यासाठी मिशीखालचं सगळं काढलं, बायको आठवडाभर हसत होती. अंगात वापरून टाकायचा झगा. उतरवताना ओला करून आतली बाजू बाहेर गुंडाळायचा, मास्क सगळ्यात शेवटी, मग आंघोळ. कपडे घरात आणून झटकू नका. कामगारांचे धुळीचे कपडे धुतल्यामुळे आजारी पडलेल्या बायका आहेत, ज्यांनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता.

खरी चूक होते ती शेवटच्या तासात. पत्रे उतरले, सगळे दमले, कुणीतरी झाडू घेतो. किंवा गाडीत मावत नाहीत म्हणून दोन तुकडे करतो. दिवसभराची काळजी तिथे वाया. झाडू नको, घरातला व्हॅक्यूमही नको, तो मागून सगळं परत हवेत फेकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकीही पत्र्यांबरोबरच बांधा.

भिंगवाला:
+१. टाकण्याबद्दल: २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे दोन थर, सांधे टेपने बंद, वर ठळक अक्षरात "अ‍ॅस्बेस्टॉस". तुकडे दुहेरी पिशवीत. हा धोकादायक कचरा आहे. भंगारवाल्याला नाही, बांधकामाच्या राडारोड्यात नाही (तो पुढे भरडला जातो), परसात पुरायचा नाही आणि शेकोटीत तर मुळीच नाही. तापला की सिमेंटचा पत्रा फटाक्यासारखा फुटतो. कचऱ्याचं काम बघणाऱ्या स्थानिक कार्यालयाला आधी विचारा कुठे घेतात आणि कोण वाहून नेतं, मगच पहिला बोल्ट तोडा. काही ठिकाणी घरमालकाला हे काम स्वतः करायची परवानगीच नसते, तेही तिथेच कळेल.

निवांत:
काढायलाच हवेत का पण? पत्रा धडधाकट असेल तर रंगाचा थर देऊन ठेवतात ना लोक?

छपरावरचा_म्हातारा:
धडधाकट असेल तर जरूर ठेवावा. ताईंचे चिरलेत, गळताहेत. हे उतरवलेलेच बरे, आणि परवाना असलेली माणसं मिळत असतील तर त्यांच्याकडूनच.

जुनी_पडवी:
हातोडेवाल्याला कळवलं, रागावला. कार्यालयात उद्या जाते. अजून एक विचारू? पन्हळीत दरवर्षी काळा गाळ साचतो. चांगली माती दिसते म्हणून गेली दोन वर्षं मी तो तीन कुंड्यांत घातलाय.

छपरावरचा_म्हातारा:
अरे देवा. झिजलेल्या पत्र्याचे तंतू पहिले त्याच गाळात येतात. कुंड्या उकरू नका, माती सुकू देऊ नका. पाणी घाला, झाडासकट दुहेरी पिशवीत घाला आणि पत्र्यांबरोबर जाऊ द्या. पन्हळीतला उरलेला गाळही ओला असतानाच, मास्क लावून.

जुनी_पडवी:
एका कुंडीत मोगरा आहे. फांदी तोडून दुसरीकडे लावली तर चालेल का?

भिंगवाला:
चालेल. वरची फांदी घ्या, नळाखाली धुऊन नव्या मातीत लावा. मूळ घेऊ नका.