‘उपयोजित’, ‘समाजोपयोगी’ की ‘लोकाभिमुख’? विद्यापीठीय संशोधनाच्या शब्दांविषयी

प्रश्न

एका विद्यापीठाच्या वार्षिक अहवालाचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आले आहे. विद्यापीठातील संशोधन समाजाच्या अधिक कामी यावे यासाठी काय केले गेले, हे सांगणारे एक प्रकरण त्यात आहे आणि माझी गाडी त्याच्या शीर्षकापाशीच अडली आहे. ‘उपयोजित संशोधन’ लिहावे तर तो एखाद्या ज्ञानशाखेचा प्रकार वाटतो. ‘लोकाभिमुख’ लिहावे तर शासकीय पत्रकाचा वास येतो. ‘समाजोपयोगी’ म्हटले की माझ्या पिढीला शाळेतले समाजोपयोगी उत्पादक कार्य आठवते, म्हणजे शनिवारी मैदानावरचे दगड वेचणे आणि काड्यापेट्यांचे शोभेचे टेबल करणे.

शिवाय आधीच्या अनुवादकाने ‘स्टेकहोल्डर’साठी सर्वत्र ‘भागधारक’ आणि ‘एक्स्टेन्शन’साठी, म्हणजे विद्यापीठातले ज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामासाठी, ‘विस्तार’ असे शब्द वापरले आहेत. ते तसेच ठेवावेत का?

पहिला प्रतिसाद

‘भागधारक’ तेवढा आजच काढून टाका. ज्याच्या नावावर शेअर आहे तो भागधारक, हे मराठीत इतके पक्के आहे की साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जाणाऱ्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही. ज्या गावाच्या विहिरीचे पाणी विद्यापीठाने तपासले, ते गाव त्या तपासणीचे भागधारक कसे होईल? ‘संबंधित’ या साध्या शब्दाने काम भागते, आणि त्याहून बरे म्हणजे शेतकरी, परिचारिका, मच्छीमार असे जे कोणी असतील त्यांचे नावच घ्यावे.

‘उपयोजित’ आणि ‘उपयोगी’ हे दोन्ही शब्द युज् या एकाच धातूपासून आले आहेत आणि त्याचा अर्थ जोडणे असा आहे. प्रयोग, उद्योग, योजना ही त्याच घरातली भावंडे. तरीही वापरात या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. उपयोजित गणित, उपयोजित कला, उपयोजित भाषाविज्ञान या नावांत ‘उपयोजित’ हा शब्द अभ्यासाचा प्रकार सांगतो आणि त्या अभ्यासाचा कोणाला उपयोग झाला की नाही, याबद्दल अवाक्षर काढत नाही. एखादे उपयोजित संशोधन पूर्णपणे निरुपयोगी असू शकते आणि तसे म्हणण्यात व्याकरणाचा कोणताही दोष नाही. त्यामुळे आपल्या शीर्षकात तो नको.

‘समाजोपयोगी’बद्दल आपण लिहिलेली अडचण खरी आहे. शालेय अभ्यासक्रमाचा आढावा घेणाऱ्या ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली त्या नावाचा विषय सुचवला आणि एक चांगला शब्द वेळापत्रकातल्या शेवटच्या तासिकेत जाऊन बसला.

मला अधिक रस आहे तो ‘संशोधन’ या शब्दात, ज्याला आपण हातच लावलेला नाही. त्याचा धातू शुध्, म्हणजे शुद्ध करणे. आयुर्वेदात संशोधन आणि संशमन असे चिकित्सेचे दोन मार्ग आहेत, त्यांपैकी दोष शरीराबाहेर काढून टाकणारे ते संशोधन. हिंदी आणि बंगाली या भाषांनी दुरुस्तीचा अर्थ जपला. म्हणूनच हिंदीतले ‘संविधान संशोधन’ आपल्याकडे घटनादुरुस्ती होते, आणि १९२९ साली स्थापन झालेली, हिंदीत जिच्या नावात ‘अनुसंधान’ आहे ती भारतीय कृषी परिषद मराठीत ‘संशोधन’ परिषद होते. मराठी, गुजराती आणि कन्नड यांनी मात्र हा शब्द ज्ञानाच्या शोधासाठी घेतला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले, तेव्हा हा अर्थ मराठीत रुळलेला होता. जुने कागद मिळवणे आणि ते पारखून त्यांतील खरेखोटे वेगळे करणे ही दोन्ही कामे तेथे होत असल्यामुळे शोध आणि शुद्धी हे दोन्ही अर्थ त्या नावात एकत्र नांदले.

(जाता जाता एक सूचना. मूळ मसुदा हिंदीतून आलेला असेल तर ‘संशोधित वेतनमान’ हे ‘सुधारित वेतनश्रेणी’ होते. मी यावर एकदा चांगलाच फसलो आहे.)

दुसरा प्रतिसाद

मी चंद्रपूर जिल्ह्यात कृषी खात्यात नोकरी केली. वरच्या प्रतिसादातला शोध आणि शुद्धी हा भेद वाचून मला आमच्या भागातली एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचा सगळा वाद याच दोन शब्दांत मावतो.

नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, त्यांना वेगळ्या, पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे हीच निवड चालू ठेवली. त्यातून बारीक दाण्याचा जो वाण तयार झाला, त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले, आणि हे बियाणे कोणत्याही विस्तार कार्यक्रमाशिवाय एका गावातून दुसऱ्या गावात गेले. १९९४ च्या सुमारास ते अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही येथील संशोधन केंद्रात पोहोचले, आणि १९९८ साली त्या विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. मूळ बियाण्याचे शुद्धीकरण करून वाण तयार केला, अशी विद्यापीठाची बाजू होती. तीन लोंब्या ज्याने ओळखल्या त्याचे श्रेय त्यात कोठे गेले, असा खोब्रागडे यांचा प्रश्न होता. पुढे २००५ साली त्यांना राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार मिळाला. २०१८ च्या जून महिन्यात ते गेले.

शुद्धीकरण हे हलके काम आहे असे मी कधीच म्हणणार नाही. भेसळ झालेले बियाणे शेतात उंच-बुटके उगवते, एकाच बांधीत काही लोंब्या पिकून झडतात आणि काही हिरव्याच राहतात, आणि कापणी कधी करावी हे ठरवता येत नाही. ते निस्तरायला शिस्त आणि हंगामामागून हंगाम लागतात. परंतु या प्रकरणात शोध शेतात लागला होता आणि संशोधन, म्हणजे वर सांगितलेल्या मूळ अर्थाने शुद्धी, विद्यापीठात झाले. मराठीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. ते नीट वापरले असते तर श्रेयाची वाटणी निदान बोलण्यात तरी सोपी झाली असती.

कायद्याची भाषा या बाबतीत आपल्या अहवालांच्या पुढे आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ यातील पैदासकाराच्या, म्हणजे नवा वाण तयार करणाऱ्याच्या, व्याख्येत संस्थेबरोबर शेतकरीही येतो. ‘पैदासकार’ हा शब्द कानाला खडबडीत लागतो, पण त्यात पदवीची अट नाही.

ताई, आपल्या अहवालात आणखी एक जोडी तपासून पाहा. खात्याच्या भाषेत ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणजे बहुधा आमच्या शिफारशी मानणारा शेतकरी, आणि ‘प्रयोगशील शेतकरी’ म्हणजे स्वतःच काहीतरी करून पाहणारा. कार्यक्रमात सत्कार बहुतेक वेळा पहिल्याचा होतो. अहवाल लिहिणारे हे दोन शब्द सर्रास एकाच्या जागी दुसरा असे टाकतात, आणि मग विद्यापीठाला कोणी काही शिकवले होते ही माहितीच पुसली जाते.

तिसरा प्रतिसाद

‘विस्तार’ ठेवावा, कारण तो आता बदलता येणार नाही. कृषी विद्यापीठांत विस्तार शिक्षण संचालक असतात आणि इतर विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार विभाग असतो. मात्र विस्तार हा मध्यापासून परिघाकडे जातो, आणि परिघाकडून मध्याकडे येणाऱ्या वाटेसाठी शिक्षणशास्त्रातला ‘प्रत्याभरण’ (फीडबॅक) हा शब्द आहे, जो उच्चारायलाच इतका कष्टाचा आहे की त्या वाटेने कोणी येत नाही यात नवल नाही.

काही विद्यापीठांत ‘साहचर्य’ हा शब्द उद्योग आणि समाज यांच्याशी असलेल्या संबंधांसाठी वापरला जातो. तो मला आवडतो. न्याय या भारतीय तर्कशास्त्रात धूर आणि अग्नी नेहमी एकत्र आढळतात त्याला साहचर्य म्हणतात. त्यात कोण देणारा आणि कोण घेणारा हे ठरलेले नसते, दोघे बरोबर असतात एवढेच म्हटलेले असते. याच्या उलट ‘लाभार्थी’. अर्थी म्हणजे इच्छिणारा, तेव्हा लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. त्याला लाभ झाला असे या शब्दात कोठेही नाही, पण अहवालात त्याची संख्या मात्र झालेल्या लाभाचा पुरावा म्हणून येते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘भागधारक’ सतरा ठिकाणी होता, तो सगळीकडून काढला. शीर्षकासाठी विशेषणाचा नादच सोडला असून ‘संशोधनाचा उपयोग कोणाला झाला’ असे साधे वाक्य घातले आहे. संबंधितांनी नाक मुरडले, पण हरकत घेतली नाही. ‘विस्तार’ ठेवला आहे. ‘प्रगतिशील’ ज्या नऊ शेतकऱ्यांना लावले होते, त्यांपैकी दोघांनी स्वतः औजारात बदल करून दिला होता असे तपशिलात सापडले, म्हणून त्या दोघांना ‘प्रयोगशील’ केले.

एक गोष्ट मात्र जमली नाही. लाभार्थ्यांच्या तक्त्यात ‘मूळ प्रश्न कोणी मांडला’ असा एक रकाना वाढवावा, असे मी सुचवले होते. नमुना ठरलेला असल्यामुळे रकाना वाढवता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा ज्या ज्या ठिकाणी ही माहिती मिळाली आहे, तेथे ती शेऱ्याच्या रकान्यात जाईल.